शेरेबुकातला शब्द

क्वेंट हा इंग्रजी शब्द मला शाळेत कुणी शिकवला नाही. तो मी आलापल्लीच्या पुढे, वनखात्याच्या एका बंगल्यात, पाहुण्यांच्या शेरेबुकात वाचला. नंतर मी स्वतः मास्तरीण झाले. पंचवीस वर्षं मुलांना इंग्रजी शिकवते आहे. हा शब्द धड्यात आला की मी फळ्यावर अर्थ लिहिते, जुन्या वळणाचं, जरा विचित्र पण गोड वाटणारं, आणि पुढे जाते. बाकी शब्दांसारखा याचा वाक्यात उपयोग करायला सांगत नाही. एकदा एका मुलीनं कारण विचारलं, तेव्हा मी तिला गप्प बसवलं. ते कारण इथे लिहिते.

मी एकोणीस वर्षांची असताना लग्न होऊन त्या बंगल्यावर गेले. जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणत. माझे सासरे त्या बंगल्याचे खानसामा. सासू नव्हती. नवरा बल्लारशाला लाकडाच्या डेपोत होता आणि महिन्यातून एकदा येई. पावसाळ्यात तर नदी उतरेपर्यंत येतच नसे. बंगला कौलारू, चारी बाजूंनी व्हरांडा, मागे वीस पावलांवर स्वयंपाकखोली आणि तिला लागून आमची राहायची खोली. समोरून एक पायवाट सागाच्या जंगलात शिरे. जवळचं गाव दोन मैलांवर, गोंडांचं. एवढंच.

पहिल्याच संध्याकाळी मी पाहिलं, बंगल्यात एकही पाहुणा नसताना सासऱ्यांनी पितळी बटणांचा पांढरा कोट चढवला, जेवणाच्या लांब टेबलावर टोकाच्या खुर्चीसमोर चिनी मातीची प्लेट मांडली, उजवीकडे सुरी, डावीकडे काटा, घडी केलेला रुमाल. मग स्वयंपाकखोलीतून झाकून भात, अंड्यांचं कालवण आणि वाटीत पुडिंग नेलं. दिवा लावला आणि परत येऊन चुलीपाशी बसले.

"कोण येणार हाये, मामाजी?" मी विचारलं.

"साहेब."

"कोणता?"

"थोच."

तासाभरानं ते गेले, सगळं अन्न नाल्याच्या कडेला टाकून आले, प्लेट धुतली. आम्ही दोघांनी भात आणि अंबाडीची भाजी खाल्ली.

हळूहळू कळलं ते असं. लढाई चालू होती त्या काळात एक गोरा जंगलसाहेब मुक्कामाला होता. दुपारचा चहा घेऊन तो झाडांवरच्या खुणा तपासायला निघाला आणि जाताना सासऱ्यांना म्हणाला, "प्लेट लगाके रखना, हम आता है." त्या पायवाटेनं गेला तो आलाच नाही. तीन आठवडे माणसं जंगल पालथं घालत होती. बूट सापडला नाही, टोपी सापडली नाही, हाड सापडलं नाही. कुणी वाघ म्हणालं, कुणी नदी म्हणालं. साहेब मेला असा कागद मात्र सरकारातून बंगल्यावर कधी आला नाही.

आणि सासरे खात्यातले जुने माणूस. वरिष्ठानं दिलेला हुकूम तो स्वतः किंवा त्याच्या वरचा माणूस मागे घेईपर्यंत चालू असतो, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी प्लेट मांडून ठेवली. दुसऱ्या दिवशीही ठेवली. मी गेले तेव्हा त्याला बारा वर्षं झाली होती. कोंबड्या त्यांनी स्वतःच्या पगारातून पाळल्या होत्या, आणि अंडी साहेबाची म्हणून घरात कुणी खायची नाहीत.

हे त्यांना आवडायचं असं नव्हे. मी आल्यावर आठव्या दिवशी त्यांनी शेरेबुक माझ्यापुढे ठेवलं. मी चांद्याला इंग्रजी चौथीपर्यंत शिकले होते, माझ्या ट्रंकेत बिनपुठ्ठ्याचा एक शब्दकोश होता, याचा त्यांना फार भरवसा वाटत होता.

"वाच वो बाई," ते म्हणाले. "जो साहेब आला त्याले मी विचारलं, हुजूर, प्लेटचा हुकूम काय? थो हसते, माह्या खांद्यावर हात ठेवते, अन् यात लिवते. काय लिवते थे मले सांगत नाई. बंद करा म्हणते का चालू ठेवा म्हणते?"

मी पानं उलटली. तारखा, सह्या, किती वाघ, किती ताप. आणि जिथे जिथे प्लेटचा उल्लेख होता तिथे तोच शब्द. गोऱ्या साहेबांनी लिहिला होता, आणि स्वराज्य आल्यावर आपल्या साहेबांनीही तोच लिहिला होता. सह्या बदलल्या, शब्द बदलला नाही. एकूण आठ वेळा.

"आठही जणायनं एकच लिवलं?" सासऱ्यांचा चेहरा पडला. "मंग थो हुकूमच असन. चालू ठेवा."

"हुकूम नाई, मामाजी. चांगलं म्हटलं हाये. मजेदार आहे, जुन्या पद्धतीचं आहे, असं."

"मजेदार?" ते म्हणाले. "मजेदार हाये त बंद काऊन करतीन कोणी?"

यात त्यांची चूक काढायला जागा नव्हती.

मला अर्थ मिळाला होता, पण शब्द हाताला लागत नव्हता. म्हणून रिकाम्या दुपारी मी त्या शेरेबुकात आणखी कशाकशाला क्वेंट म्हटलंय ते शोधलं. न्हाणीतला पत्र्याचा टब. छताचा पंखा, जो दोरीनं ओढावा लागे. सासऱ्यांचा फेटा. गोंडांच्या गावातून ऐकू येणारा ढोल. वाघाला कुणी क्वेंट म्हटलं नव्हतं. हिवतापाला नव्हतं, चिखलाच्या रस्त्याला नव्हतं, वरच्या साहेबाला तर नव्हतंच. ज्या टबात पाणी दुसऱ्यानं आणून ओतायचं, ज्या पंख्याची दोरी दुसऱ्यानं ओढायची, त्याला तो शब्द होता. मी माझ्या गोष्टींना लावून पाहिला. माझं लुगडं, माझी चूल, माझा नवरा. कुठेच बसेना.

पावसाळा लागला. रस्ता बंद झाला, पाहुणे बंद झाले, नवऱ्याचं येणं बंद झालं. मला तेव्हा दिवस गेले होते. धान्य मोजकं होतं आणि मला भूक लागे ती अशी, की चुलीवरचा भात शिजेपर्यंत मी कच्चे तांदूळ चघळायची. सासऱ्यांचे गुडघे धरले होते, म्हणून प्लेट मांडायची त्यांनी आणि तासाभरानं आवरायची मी, असं ठरलं. अन्न नाल्याकाठी टाकायचं.

पहिल्या दिवशी मी टाकलं. दुसऱ्या दिवशी मागच्या दारात उभ्यानं खाल्लं. लाज वाटली का, असं कुणी विचारेल. नाही वाटली. अंडी होती, पुडिंग होतं, आणि बारा वर्षं ते मुंगसांच्या पोटात जात होतं. मी हातानं खाई, प्लेट धुई, काटा सुरी कोरडी पुसून ठेवी. सगळा आषाढ आणि अर्धा श्रावण हे चाललं.

मग एका संध्याकाळी मी गेले तर प्लेट रिकामी होती.

उंदीर, मांजर, उदमांजर यांनी खाल्लेली प्लेट मी ओळखते. शितं सांडतात, वाटी कलंडते. इथे शीत नव्हतं. रुमालाची घडी मोडलेली होती. काटा आणि सुरी प्लेटमध्ये शेजारी शेजारी, जेवण संपल्यावर साहेब लोक ठेवतात तशी. सासरे सगळा वेळ माझ्यासमोर चुलीपाशी बसलेले होते. दुसरं माणूस दोन मैलांत नव्हतं आणि नाल्याला पूर होता.

मी सासऱ्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर साहेब परतला म्हणून ते तिथून कधीच हलले नसते. मी माझ्या पद्धतीनं तपास केला. दुसऱ्या दिवशी प्लेट मांडल्यावर दारापासून टेबलापर्यंत चुलीची राख चाळून पसरली. घरात साप येतो की काय हे बघायला आम्ही असंच करतो. तासानं दिवा घेऊन गेले. राख जशीच्या तशी होती, पावलाची खूण नाही, पंजाची नाही. फक्त टोकाच्या खुर्चीच्या मागे दोन लांब रेघा होत्या. खुर्ची मागे ओढली होती आणि परत आत सरकवली होती. प्लेट रिकामी.

मी राख झाडून घेतली.

यानंतर जे केलं ते मी आज सांगते तेव्हा लोक हसतात. मी लवकर जायला लागले. तासाऐवजी अर्ध्या तासानं. मिळालं दोन दिवस. तिसऱ्या दिवशी अर्ध्या तासानंही प्लेट रिकामी. मी पाव तासानं गेले. मिळालं. दुसऱ्या दिवशी नाही. भीती वाटत नव्हती असं नाही. पण पोटातलं पोर पाय मारत होतं आणि मला अंडं हवं होतं.

शेवटी भाद्रपदात एक दिवस मी दारात उभी राहून रिकाम्या खुर्चीला म्हटलं, "आपण दोघं हावोत. मी एकटी नाई, पोटात एक हाये." आणि तशीच मागे फिरले.

त्या संध्याकाळी तासानं गेले. प्लेटमध्ये बरोबर अर्धा भात होता. मधून सुरीनं रेघ ओढावी तसा कापलेला. अंडं उभं चिरलेलं, एक फोड शिल्लक. पुडिंगची वाटी अर्धी. मी बसले नाही. उभ्यानंच खाल्लं. भूक होती.

पाणी उतरल्यावर गावातली एक गोंड म्हातारी बांबूच्या टोपल्या घेऊन आली. जेवणघराच्या खिडकीतून तिनं मांडलेली प्लेट पाहिली. बारा वर्षांत आलेल्या प्रत्येक माणसानं विचारलं होतं, ही प्लेट कशाला? हिनं ते विचारलं नाही.

"जेवते का थो?" ती म्हणाली.

मी इकडेतिकडे पाहिलं. सासरे विहिरीवर होते. "हो," मी म्हटलं. कुणाला सांगितलेलं ते पहिलंच.

"मंग ठीक हाये," म्हातारी म्हणाली. "आमच्यात मेल्या माणसाले दगड उभा करतेत. त्याले दगड नाई, त थो कुठी बसन? उपाशी राह्यला असता त तुमचं कठीण होतं." आणि टोपल्या दाखवू लागली.

कार्तिकात मला आठवा लागला. सासऱ्यांचं गाव मूल नावाच्या गावाजवळ, तिथे घर होतं, थोडं धान होतं, सुईण होती. एकटीनं बैलगाडीतून जाण्यासारखा रस्ता नव्हता आणि सासरे प्लेट सोडून एक रात्रही बाहेर राहिलेले नव्हते.

"मी गेलो त इथी कोण मांडन?" ते म्हणत. "तुह्या नवऱ्याले माही जागा भेटली त थो मांडन. त्याच्या मागं..." आणि माझ्या पोटाकडे पाहत.

तेव्हा मी ठरवलं. माझं पोर त्या बंगल्यात जन्मणार नाही आणि ती प्लेट त्याच्याकडे जाणार नाही.

रस्ता सुरू झाल्यावर पहिले पाहुणे आले ते नवे मोठे साहेब आणि त्यांची बायको. दोघंही मुंबईकडची, तरुण, बोलायला चांगली. बाईसाहेबांनी माझी अवस्था पाहून मला बसायला स्टूल दिलं, हे सांगायला हवं. संध्याकाळी ती दोघं व्हरांड्यात चहा घेत असताना आत सासरे नेहमीची प्लेट मांडत होते. बाईसाहेबांनी विचारलं, सासऱ्यांनी सांगितलं, आणि शेवटी हात जोडून म्हणाले, "हुजूर, प्लेट का क्या हुकूम?"

"अगंबाई, किती क्वेंट!" बाईसाहेब म्हणाल्या. "ऐकलंत का हो? बारा वर्षं! डिसेंबरात आपल्याकडे मंडळी येतील ना, त्यांना इथेच आणू या. म्हातारबुवा, तुम्ही अगदी असंच करायचं हं, हाच कोट घालून."

सासरे म्हणाले, "जी."

साहेबांनी हसत शेरेबुक ओढलं आणि पेन उघडलं. मी ट्रे घेऊन बाजूलाच उभी होते. त्यांनी क्यू हे अक्षर काढलं. इंग्रजीत क्यू काढला की पुढे काय येणार ते चौथीतल्या पोरीलाही कळतं.

"साहेब, तो शब्द लिहू नका," मी म्हटलं.

"चूप राय, पोरी!" सासरे कुजबुजले.

साहेबांचं पेन थांबलं. "तुला इंग्रजी येतं?"

"चौथीपर्यंत."

"मग तुला माहीत असेल, यात वाईट काही नाही. कौतुक आहे."

"आठ जणांनी कौतुक केलंय, साहेब. मागची पानं पाहा. मामाजींना वाचता येत नाही. साहेबांनी लिहिलं म्हणजे हुकूम, असं त्यांना वाटतं. कुणी एकानं वेडेपणा म्हटलं असतं तर हे पहिल्याच वर्षी बंद झालं असतं."

बाईसाहेबांना ते आवडलं नाही. "पण इतकं गोड आहे ते! बंद कशाला करायचं?"

"मग तुम्ही थांबता का मांडायला?"

सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले होते. बाईसाहेब थोड्या लाल झाल्या आणि म्हणाल्या, "बरं, तू या गोष्टीला कोणता शब्द वापरशील?"

"काम," मी म्हटलं.

साहेबांनी मागची पानं खरंच उलटली. आठही ठिकाणी बोट ठेवून पाहिलं. हसणं थांबलं. "पण मी बंद तरी कसं करू? मूळ हुकूम लेखी कुठे आहे?"

"तोंडी होता. तुम्ही त्यांच्यापेक्षा वरचे. तोंडी रद्द करा आणि वर लेखी द्या."

त्यांनी क्यूवर काट मारली. ती काट अजून त्या पानावर असेल, पान असलं तर. खाली दोन ओळी लिहिल्या, सही केली, तारीख घातली. मग उभे राहिले, टोपी घातली आणि सासऱ्यांना खात्याच्या आवाजात म्हणाले, "खानसामा, साहब का प्लेट बंद. हमारा हुकूम है."

"आज से, हुजूर?"

"आज से."

सासऱ्यांनी सलाम केला. आत गेले, भरलेली प्लेट उचलली, स्वयंपाकखोलीत आणून खाली ठेवली आणि चुलीपाशी बसून रडले. मी ते अन्न खाल्लं नाही. तेवढा एक दिवस मला भूक नव्हती. नाल्याकाठी नेऊन ठेवलं.

साहेब आणि बाईसाहेब सकाळी पुढच्या मुक्कामाला गेले. आमची गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होती. सासऱ्यांनी नोकरी सोडली होती; एक चौकीदार येऊन किल्ल्या ताब्यात घेणार होता. म्हणजे मधे एक संध्याकाळ राहिली, प्लेट न मांडण्याची पहिली. सासऱ्यांनी कोट घडी करून ट्रंकेत ठेवला होता. तरी दिवेलागणीला ते उठले, फडताळापर्यंत गेले, परत येऊन बसले. मी पोळ्या लाटत होते. गाडीवान यायचा होता. कोंबड्या विकून टाकल्या होत्या, त्यामुळे आवारात कसलाच आवाज नव्हता.

मग बंगल्याच्या जेवणघरातून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

फरशीवर लाकूड घासतं तसा, सावकाश. मी लाटणं तसंच धरून राहिले. सासरे चुलीतल्या विस्तवाकडे पाहत होते. यानंतर काही नाही. पोळी तव्यावर करपली, मी ती उलटली नाही. बराच वेळ, आमच्या नेहमीच्या तासाइतका, काही नाही. मग पुन्हा तोच आवाज. खुर्ची परत आत सरकवल्याचा.

"ऐकलं?" सासरे म्हणाले.

"काय?"

"खुर्ची."

आता मी हो म्हटलं असतं तर ते उठले असते, कोट काढला असता, गाडी परत पाठवली असती. हे मला माझ्या हातातल्या लाटण्याइतकं स्पष्ट दिसत होतं.

"नाई, मामाजी. मी त काहीच नाई ऐकलं."

"नाई न?"

"नाई. वानर असन व्हरांड्यात. पोळी खा."

पहाटे आम्ही निघालो. गाडी पायवाटेच्या तोंडावरून जाते तिथे सासऱ्यांनी तोंड फिरवून घेतलं. मी पाहिलं. सागाची झाडं होती. माझा मुलगा गावच्या घरी जन्मला, सुईणीच्या हातून, धडधाकट. त्यानं बंगला कधी पाहिला नाही.

सासरे पुढे सहा वर्षं जगले. शेतावर जायचे, नातवाला खांद्यावर घ्यायचे, लोकांशी गप्पा मारायचे. पण दिवेलागणीला मी ताटं घेतली की मधूनच विचारत, "तुले खरंच नाई आला आवाज?" मी म्हणे, नाई. दर वेळी तेवढंच. त्यांच्या शेवटच्या पावसाळ्यात एकदा ताटावर बसले आणि त्यांनी तो प्रश्न विचारला नाही. भातात हात घालून थांबले.

"उपाशी गेला असन का थो?" ते म्हणाले.

मी त्यांच्या भातावर वरण घातलं.

"जेवा, मामाजी," मी म्हटलं. "निवून राह्यलं."